टाकीत किती दिवसांचं तेल आहे?

रशियाचं तेल घ्यावं की घेऊ नये, यावर २०२२ पासून टीव्हीवर जे वाद झडले, त्यात मला एक गोष्ट सतत खटकत आली. बोलणारे माजी राजदूत असोत की निवृत्त सेनाधिकारी, त्यांच्या लेखी तेल म्हणजे तेल. आज रशियाकडून घेतलं, उद्या सौदीकडून घेऊ, परवा अमेरिकेकडून. माझी सगळी नोकरी माहुलच्या एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत गेली. जवाहर द्वीपच्या धक्क्याला टँकर लागला की त्यातल्या क्रूडचे नमुने आमच्याकडे यायचे आणि ते तपासून झाल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही. बॉम्बे हायचं तेल हलकं, गंधक नावापुरतं, पण मेण इतकं की डिसेंबरात पहाटेच्या शिफ्टला ते बाटलीत तुपासारखं थिजलेलं असायचं. आधी बाटली गरम पाण्यात ठेवायची, मग हायड्रोमीटरला हात लावायचा. बसऱ्याचं तेल काळंकुट्ट आणि जड. बूच काढलं की सडक्या अंड्यांचा वास यायचा, आणि नव्याने आलेल्या मुलांना आम्ही पहिल्याच दिवशी बजावायचो की वास यायचा थांबला म्हणजे विषारी वायू गेला असं समजू नका, नाक बधिर झालेलं असतं. सौदीचं अरब लाइट या दोहोंच्या मधलं.

रशियाचं युरल्स या अरब लाइटच्या बरंच जवळ जातं. मध्यम घनता, गंधक दीड टक्क्याच्या आसपास. युद्ध सुरू झाल्यावर युरोपने पाठ फिरवली आणि रशियाने भाव पाडला, तेव्हा भारतीय रिफायनऱ्यांनी ते तेल धडाधड उचललं. याचं श्रेय कुणी पंतप्रधानांना दिलं, कुणी परराष्ट्रमंत्र्यांच्या खणखणीत उत्तरांना. असेल त्यांचंही. पण सवलत कितीही मोठी असली तरी जे तेल आपल्या रिफायनरीच्या कॉलमला चालत नाही ते विकत घेता येत नाही. जामनगर, वाडीनार, पारादीप, मंगळूर इथे जड आणि जास्त गंधकाचं, आमच्या भाषेत सावर, क्रूड पचवणारी युनिट्स आधीच उभी होती. आखातातलं स्वस्त तेल घेता यावं म्हणून अनेक वर्षं त्यात पैसा ओतला गेला होता. २०२२ च्या आधी भारताच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता. पुढच्या वर्षभरात तो तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेला. इतकी मोठी उडी भाषणाने मारता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं परराष्ट्र धोरण किती मोकळं आहे, हे दोन गोष्टींवरून कळतं: रिफायनरीला काय काय चालतं, आणि टाकीत किती दिवसांचं तेल आहे. पहिल्या बाबतीत आपण खरोखर चांगलं काम केलं आहे. दुसऱ्या बाबतीत आपण जी हयगय चालवली आहे, तिच्याबद्दल वर्तमानपत्रात जेमतेम दोन ओळी येतात.

पहिल्या गोष्टीची किंमत कळायला १९६० साल आठवावं लागतं. तेव्हा मुंबईत, म्हणजे आमच्याच माहुल-तुर्भे पट्ट्यात, दोन रिफायनऱ्या नुकत्या उभ्या राहिल्या होत्या, एक स्टॅनव्हॅकची आणि दुसरी बर्मा-शेलची. तिसरी कॅल्टेक्सची, विशाखापट्टणमला. तिन्ही परदेशी. सोव्हिएत युनियनने भारताला बाजारभावापेक्षा स्वस्त क्रूड देऊ केलं. परकीय चलनाची तंगी होती, तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांना ते शुद्ध करून द्यायला सांगितलं. कंपन्यांनी सरळ नकार दिला. त्यांची स्वतःची तेलक्षेत्रं आखातात होती, आणि करारानुसार तेल कुठून आणायचं हे त्या ठरवणार होत्या. रिफायनरी भारताच्या जमिनीवर, माल भारतीयांसाठी, पण तेल कुणाचं हे ठरवणारी कचेरी लंडनला आणि न्यूयॉर्कला.

मालवीयांनी मग दुसरा रस्ता काढला. इंडियन ऑइल १९५९ मध्ये स्थापन झालीच होती. तिच्यामार्फत सोव्हिएत क्रूडऐवजी तयार रॉकेल आणि डिझेल आणायचा करार झाला. ती किंमत समोर दिसल्यावर त्याच परदेशी कंपन्यांनी आपल्या क्रूडवर सूट द्यायला सुरुवात केली. १९६१ मध्ये दामले समितीने त्यांच्या किमतींची चिरफाड केली. बरौनी आणि कोयलीच्या रिफायनऱ्या सोव्हिएत मदतीने उभ्या राहिल्या. पुढे १९७४ मध्ये एस्सो, म्हणजे आधीची स्टॅनव्हॅक, आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली. मी नोकरीला लागले तेव्हा बर्मा-शेलच्या काळातली काही जुनी मंडळी निवृत्तीला आली होती. डब्यात पोळीभाजी आणि तोंडी साहेबांच्या शिस्तीच्या गोष्टी. राष्ट्रीयीकरणाबद्दल आज वाईट बोलायची फॅशन आहे, आणि सरकारी कंपनीतला आळस मीही पुरेसा पाहिला आहे. पण २०२२ मध्ये या रिफायनऱ्या जर लंडन-न्यूयॉर्कच्या मालकीच्या असत्या, तर रशियाच्या तेलाचा एक थेंब माहुलला उतरला नसता.

आता अलीकडचं बघू. २०१८ पर्यंत इराण हा भारताच्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक होता. सोयी अशा की दुसरा कुणी देणार नाही: अंतर कमी, उधारीची मुदत लांब. अमेरिकी निर्बंधांच्या पहिल्या फेरीत तर आपण पैशांचाही मार्ग काढला होता, २०१२ पासून रक्कम युको बँकेत रुपयांत जमा व्हायची आणि इराण त्यातून भारताचा तांदूळ, औषधं घ्यायचा. निर्बंध पुन्हा आले, मे २०१९ मध्ये त्यांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि भारताने इराणचं तेल बंद केलं. गाजावाजा न करता, जवळपास एका फटक्यात. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेशी होणारा अणुकरार दृष्टीसमोर ठेवून आपण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणच्या विरोधात मत दिलं होतं. इराण-पाकिस्तान-भारत वायुवाहिनीचा आग्रह धरणारे मणिशंकर अय्यर जानेवारी २००६ मध्ये पेट्रोलियम खात्यातून गेले आणि मुंबईचे मुरली देवरा आले. वाहिनीची गोष्ट हळूहळू मागे पडली. फरझाद-बी हे वायुक्षेत्र ओएनजीसी विदेशने शोधलं, इराणने ते २०२१ मध्ये स्वतःच्या कंपनीला देऊन टाकलं.

मग २०१९ मध्ये मान खाली घालणारा देश २०२२ मध्ये एकदम ताठ कसा झाला? स्वाभिमान वाढला, असं उत्तर ऐकायला गोड वाटतं. मला ते पटत नाही. इराणवरच्या निर्बंधांचा हेतू त्याचं तेल बाजारातून बाहेर काढणं हा होता. रशियाचं तसं करता येणार नव्हतं. जगातला इतका मोठा विक्रेता अचानक बंद झाला असता तर भाव कुठल्या कुठे गेला असता, आणि अमेरिकेतही पेट्रोल महागलं असतं. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियाच्या तेलावर बॅरलमागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली: तेल वाहू दे, पण रशियाच्या हाती पैसा कमी पडू दे. ही योजना चालायची तर कुणीतरी ते तेल घ्यायलाच हवं होतं. दिल्लीतल्या अमेरिकी राजदूतांनी २०२४ मध्ये हे जाहीरपणे कबूलही केलं. म्हणजे ज्याला आपण स्वायत्तता म्हणत होतो तिच्यातला बराच भाग समोरच्याच्या सोयीचा होता. ती सोय संपली तेव्हा काय झालं हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलं. रशियाच्या तेलाचं कारण देत अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं, एकूण ५० टक्के. ऑक्टोबरमध्ये रोझनेफ्ट आणि लुकऑइलवर थेट निर्बंध आले. नोव्हेंबरमध्ये रिलायन्सने निर्यातीसाठी माल काढणाऱ्या जामनगरच्या रिफायनरीत रशियाचं क्रूड आणणं थांबवल्याचं जाहीर केलं. दिल्ली अधिकृतपणे म्हणत राहिली की भारत आपल्या हिताप्रमाणे तेल घेईल. कंपनीने मात्र आपली गिऱ्हाइकं, आपल्या बँका आणि आपले वकील यांना विचारून जे करायचं ते केलं.

रशियाच्या तेलावरच्या सवलतीचा फायदा कुणाला झाला आणि भुर्दंड कुणी भरला, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२२ ते मार्च २०२४ मुंबईत पेट्रोल १०६ रुपयांवर खिळून होतं. त्याला एक बाजू आहे, ती सांगायला हवी: २०२२ च्या पूर्वार्धात भाव भडकले तेव्हा सरकारी कंपन्यांनी पंपावरचे दर दाबून धरले आणि तोटा सोसला. पण २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८० हजार कोटींच्या पुढे गेला, खासगी रिफायनऱ्यांनी युरोपला डिझेल विकून कमावलं ते वेगळं. आणि जादा शुल्क कुणाच्या डोक्यावर बसलं? अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांना खडे बसवणाऱ्या कारागिराच्या, कारण तिथला माल मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जातो. तिरुपूरच्या शिलाई कामगाराच्या. कोळंबी पिकवणाऱ्या आंध्रच्या शेतकऱ्याच्या. यातल्या कुणालाही स्वस्त क्रूडचा रुपयाही मिळाला नव्हता. ‘राष्ट्रीय हित’ म्हणताना एकाच देशातल्या एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात किती गेलं, याचा हिशेब मांडायची आपल्याकडे पद्धतच नाही.

क्रूडवर एवढी चर्चा होते, पण मला जास्त काळजी वाटते ती गॅसची. क्रूड निदान जगभर मिळतं: रशिया, इराक, सौदी, अमेरिका, नायजेरिया, ब्राझील. स्वयंपाकाच्या गॅसचं तसं नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी अर्ध्याहून जास्त बाहेरून येतो, आणि २०२५ पर्यंत त्यातला बहुतेक सगळा कतार, अमिराती, सौदी, कुवेत या चार घरांतून यायचा. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, चुली विझल्या, धूर गेला. माझ्या माहेरी, सावंतवाडीकडे, ज्या बायका आयुष्यभर डोळे चोळत शेगडी फुंकत होत्या त्यांच्या ओट्यावर लाल सिलिंडर आला, आणि ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या दिवसापासून त्या ओट्याचा संबंध होर्मुझच्या सामुद्रधुनीशी जोडला गेला. सौदीकडे लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत क्रूडची पाइपलाइन आहे, अमिरातीकडे फुजैरापर्यंत आहे, कतारकडे असा आडमार्गच नाही. त्याचा वायू जहाजाने बाहेर पडायचा तर होर्मुझमधूनच.

म्हणून कतारशी बोलताना दिल्लीचा सूर नेहमी नरम असतो. पेट्रोनेट या आपल्या कंपनीचा कतारशी पहिला करार १९९९ चा, वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायूचा, माल २००४ पासून दहेजला उतरतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याला २०४८ पर्यंत मुदतवाढ मिळाली. १२ फेब्रुवारीला दोह्याच्या तुरुंगातून आपल्या नौदलाच्या आठ माजी अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या सुटकेची बातमी आली. त्यांना आधी फाशीची शिक्षा झाली होती. या दोहोंची अदलाबदल झाली असा दावा मी करणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण एकमेकांची इतकी गरज असलेली दोन सरकारं एकमेकांचा फोन उचलतात, एवढं समजायला पुरावा लागत नाही. आणि फोन दोन्हीकडून येतो. मे २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांनी प्रेषितांविषयी टीव्हीवर जे वक्तव्य केलं, त्यावरून जूनमध्ये कतारने भारताच्या राजदूताला बोलावून जाब विचारला, आणि त्याच दिवशी पक्षाने प्रवक्त्यांवर कारवाई केली. देशात दहा दिवस ओरडा चालू होता तेव्हा कुणी ढिम्म हललं नव्हतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कंपन्यांनी अमेरिकेकडून २०२६ साठी २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार केला. तो आपल्या एलपीजी आयातीच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतका माल. काहींनी त्याला ट्रम्पसाहेबांना वाहिलेला नैवेद्य म्हटलं. असेलही. तरी मी त्या कराराच्या बाजूने आहे. टेक्सासहून जहाज यायला महिना-सव्वा महिना लागतो, भाडं जास्त पडतं, पण ते होर्मुझमधून येत नाही.

आता घराजवळचं. रत्नागिरीची रिफायनरी आपण ‘विकास की पर्यावरण’ या एकाच वादात बुडवली. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि पाठोपाठ अबुधाबीची ॲडनॉक या ६ कोटी टनांच्या प्रकल्पात निम्म्या भागीदार व्हायला तयार झाल्या, तेव्हा तो मुळात परराष्ट्र धोरणाचा प्रकल्प होता. आखातातल्या विक्रेत्याचा पैसा आपल्या जमिनीत अडकला म्हणजे अडचणीच्या वेळी तो आपलं तेल थांबवणार नाही, हा त्यातला विचार. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता. पण जिथे ती रिफायनरी होणार होती त्या नाणारच्या आंबा बागायतदाराला हे कुणी सांगितलं? त्याला मोबदल्याचा दर सांगितला, नोकऱ्यांचे आकडे सांगितले. मार्च २०१९ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर नाणारची अधिसूचना रद्द झाली, मग जागा बारसूला सरकली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाला विरोध करत बायाबापड्या भर उन्हात कातळाच्या सड्यावर झोपल्या. त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. मी इतकी वर्षं चेंबूरला राहिले, ज्याला लोक उघडपणे गॅस चेंबर म्हणायचे. रिफायनरीच्या भिंतीला लागून असलेल्या माहुलच्या इमारतींत पालिकेने प्रकल्पग्रस्तांना आणून टाकलं आणि शेवटी त्यांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं, हेही पाहिलं. तेव्हा ‘रिफायनरीने काही होत नाही’ असं कोकणातल्या माणसाला सांगायला माझी जीभ रेटणार नाही. देशाच्या तेलसुरक्षेसाठी तुझी जमीन हवी, हे ज्याला सांगायचं त्याला त्या सुरक्षेत वाटा काय, हेही सांगावं लागतं. ते न सांगता दोह्यापासून रियाधपर्यंत वाटाघाटी करणारं सरकार राजापूरच्या तहसीलदाराच्या पातळीवर येऊन अडकलं.

विजेच्या गाड्या आल्या की ही सगळी कटकट संपेल, असं माझा भाचा म्हणतो. तो पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या आणि या गाड्यांच्या मोटारींना लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्यांची अट घातली, आणि त्याच्याच धंद्यातली मंडळी चीनच्या परवान्यांची वाट बघत बसली. अवलंबून राहणं संपत नाही, पत्ता बदलतो. तरीही मी त्या बदलाच्या बाजूने आहे, आणि कारण साधं आहे. छपरावर एकदा बसवलेलं सौर पॅनल वीस-पंचवीस वर्षं वीज देतं, मग चीन रुसला तरी ते काम थांबवत नाही. क्रूड रोज यावं लागतं.

रोज यावं लागतं, म्हणून टाकीचा प्रश्न. भारताला दिवसाला साधारण ५० लाख बॅरल तेल लागतं आणि त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरचं. आपले राखीव साठे विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळच्या पादूर इथे खडकात खोदलेल्या गुहांत आहेत. त्यांना पोलादी अस्तर नाही. भोवतालच्या खडकातल्या भूजलाचा दाब तेलाला आत धरून ठेवतो, सुरेख काम आहे. तिन्हींची मिळून क्षमता ५३ लाख ३० हजार टन, म्हणजे सरकारी हिशेबानेही जेमतेम साडेनऊ दिवसांची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो. सरकार म्हणतं, कंपन्यांच्या टाक्या धरल्या तर आपलेही सत्तरहून जास्त दिवस भरतात. हा आकडा ऐकला की टाकीचा डिप घेतलेल्या, म्हणजे तेलाची पातळी मोजलेल्या, कुठल्याही माणसाला हसू येईल. टाकीच्या तळाशी जे तेल असतं ते पंपाने उपसता येत नाही, पाइपलाइनमध्ये जे असतं ते काढलं तर पाइपलाइनच बंद पडते, आणि उरलेल्यातलं बरंच आज-उद्याच्या उत्पादनासाठी लागणारं असतं. कागदावर ते साठ्यात दिसतं. संकटात ते साठा म्हणून कामाला येत नाही.

२०२० च्या एप्रिल-मे मध्ये, टाळेबंदीत भाव कोसळले तेव्हा, सरकारने या गुहा सरासरी १९ डॉलरच्या भावाने भरून घेतल्या आणि सुमारे ५ हजार कोटी रुपये वाचवले. ते काम खरोखर हुशारीचं होतं. जुलै २०२१ मध्ये चंडीखोल (ओडिशा) आणि पादूर इथे आणखी ६५ लाख टनांच्या गुहांना मंजुरीही मिळाली. मग फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात साठे भरण्यासाठी ५ हजार कोटींची तरतूद झाली. हे ते वर्ष, ज्यात रशियाचं तेल सवलतीत येत होतं, कंपन्या नफ्यात होत्या आणि सगळे चॅनेल स्वायत्ततेचे ढोल बडवत होते. वर्ष संपायच्या आत ती तरतूद पुढे ढकलली गेली. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी आयकराचे टप्पे बघायच्या आधी मी पेट्रोलियम खात्याच्या पानावरची ती ओळ शोधणार आहे.